मोकळा कोर्स म्हणजे सोपा कोर्स नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशातल्या मराठी कुटुंबांनी सुट्टीत काय खेळावे, याची माहिती आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. डिस्क गोल्फ म्हणजे ताटलीसारखी प्लास्टिकची डिस्क कमीत कमी फेकींत खांबावरच्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ; फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल, आणि असे होल आखलेले मैदान म्हणजे कोर्स. त्याबद्दल त्यात सल्ला आहे : नवशिक्यांनी झाडे नसलेला, ऐसपैस मोकळा कोर्स निवडावा, तो सोपा जातो. लिहिणाऱ्याने असा कोर्स वारा सुटलेला असताना खेळलेला दिसत नाही.

मी मिरजेच्या शाळेत मुलींना थाळीफेक शिकवत निवृत्त झाले. सध्या लेकीकडे, ॲरिझोनात चँडलरला असते. तिथून आम्ही फाउंटन हिल्स गावच्या फाउंटन पार्कमध्ये खेळायला जातो. तळ्याभोवती हिरवळ आणि तिच्यावर अठरा होलचा कोर्स. तळ्यात १९७० साली बसवलेले कारंजे आहे. तिन्ही पंप लावले तर पाणी ५६० फूट वर जाते; एरवी त्याहून बरेच कमी. ठरलेल्या वेळात दर तासाला पंधरा मिनिटे ते चालते. पाहुणे फोटो काढतात, मी त्याचा तुरा कुठल्या बाजूला कलतोय ते बघून घेते. वारा फार असला की कारंजे बंद ठेवतात. अशा दिवशी ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क, पिशवीतच राहिलेला बरा.

आमच्या थाळीफेकीत समोरचा वारा हवाहवासा असतो. मुलींची थाळी एक किलोची, पुरुषांची दोन किलोंची. समोरून वारा आला की ती तरंगते आणि लांब पडते. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना या गावी विक्रम करायला जगभरचे थाळीफेकपटू जातात ते तिथल्या वाऱ्यासाठीच. डिस्क गोल्फची डिस्क मात्र जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमची. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन, फेकली की ती आधी थोडी उजवीकडे वळते आणि वेग मंदावला की डावीकडे झुकून खाली येते. समोरून वारा असेल तर तिला हवा जास्त वेगाने लागते, म्हणून उजवीकडचे वळण वाढते. हलकी किंवा वापरून गुळगुळीत झालेली डिस्क तर पार उलटीच होते. पाठीमागून वारा असेल तर उचल मिळत नाही, ती लवकर खाली येते. आडव्या वाऱ्यात डिस्कची उचललेली कड वाऱ्याकडे असली की वारा पोटाखाली शिरतो आणि तिला कुठल्या कुठे नेतो. हे सगळे नवशिक्याने पहिल्याच दिवशी सांभाळायचे?

या खेळाचा पहिला कायमचा कोर्स १९७५ साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी आखला, तोही ओकच्या झाडांत. झाडे अडवतात हे खरेच. पण ती वाराही अडवतात, आणि डिस्क कुठून न्यायची ती वाटही दाखवतात. चुकलेली डिस्क खोडावर आपटून पंचवीस पावलांवर पडते, उचलायची आणि पुढे निघायचे. मोकळ्यावर चुकलेली डिस्क चुकतच राहते. आमच्या जावयांना ताकदीची कमी नाही, कॉलेजात क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज होते. त्यांच्या कितीतरी डिस्क आज त्या तळ्याच्या तळाशी आहेत, आणि प्रत्येकीबरोबर एक जादा फेक मोजायची, हा दंड. (त्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. लेकीला वाटते, घ्यायला नको होती.)

शिवाय लांबीचे काय? नवशिक्याची फेक दीडशे-दोनशे फुटांपुढे क्वचित जाते. लांबलचक मोकळ्या होलवर बास्केट दिसते समोरच, म्हणून माणूस खांद्याचा जोर काढतो. थाळीफेक असो की डिस्क, लांबी पायांतून आणि कमरेच्या वळणातून येते. नुसत्या हाताने झटके मारले की संध्याकाळपर्यंत कोपर ठणकू लागते, आणि पुढच्या आठवड्यात ती डिस्क माळ्यावर जाते.

सार्वजनिक बाग असल्यामुळे आणखी एक गोष्ट. तळ्याकाठच्या वाटेवर बाबागाड्या, कुत्री, काठी टेकत चालणारी माझ्या वयाची मंडळी असतात. ड्रायव्हरची कड धारदार असते, लागली तर चांगलीच लागते. वाट रिकामी होईपर्यंत थांबायचे आणि फेक भलतीकडे गेलीच तर 'फोर!' (म्हणजे 'सांभाळा!') म्हणून खच्चून ओरडायचे, हे आपल्या माहितीत एका ओळीनेही आलेले नाही. मोकळ्या कोर्सवर आधी हेच शिकवायला हवे.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी ही विनंती. सुरुवात आखूड होलच्या, थोडी सावली असलेल्या कोर्सवर करावी. हातात फक्त पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि एखादी मिडरेंज (मधल्या अंतराची) असावी, आणि फेक गुडघा ते छाती एवढ्याच उंचीवरून जावी. फाउंटन पार्कला यायचेच असेल तर सकाळी लवकर या, तेव्हा वारा बहुधा पडलेला असतो.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, मिरज
(सध्या मुक्काम चँडलर, ॲरिझोना)