रविवारी डोळे तपासणी, नीट वाचा
मंडळी, रविवारी सकाळी ९ ला कोथरूडला आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये डोळे तपासणी आहे, चष्मा, जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणा. बाहुली मोठी करायचे ड्रॉप टाकले की काही तास धूसर दिसतं, स्कूटर घरीच ठेवा, कर्वे रोडवर उगाच शौर्य नको. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून लेन्स बसवली की बहुतेकांना परत छान दिसतं, पण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, ड्रॉप, लेसर किंवा ऑपरेशनने उरलेली टिकवायची एवढंच, आणि बऱ्याचदा सुरुवातीला दुखत खुपत काहीच नाही हो. त्यामुळे चाळिशी ओलांडलेले, शुगरवाले, घरात कुणाला काचबिंदू असलेले आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे ड्रॉप आणून घालणारे (आहेत आपल्यात!) यांनी याच. नावं शुक्रवारपर्यंत इथेच टाका.