जूनच्या फळ्यासाठी काही तारखा

पोर्ट्समथ, इंग्लंड
दि. 24 मे

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. वाचनालयाच्या दारातला फळा जून महिनाभर तुमच्याकडे आहे आणि दिनविशेषांत इतिहासाच्या जोडीने गाण्याबजावण्यातल्या माणसांचे वाढदिवसही असावेत असा मंडळींचा आग्रह आहे, हे वाचून बरे वाटले. 'तिकडच्या काही तारखा कळव' असे तुम्ही लिहिले आहे. परंतु इकडच्या तारखा काढायला बसले तर त्यांतल्या बऱ्याचशा फिरून मुंबईलाच येऊन पोहोचतात, म्हणून नुसती यादी न पाठवता कोणती तारीख कशासाठी घ्यावी आणि कोणती सोडली तरी चालेल, हे जरा सविस्तर लिहिते.

माझे मत आधीच सांगते. अमक्याचा जन्म, तमक्याचे निधन अशा पाच-सहा ओळी रोज लिहिण्यापेक्षा एका दिवशी एकच गोष्ट घ्यावी, आणि ती अशी असावी की भाजीची पिशवी हातात घेऊन स्टेशनाकडून येणारा दादरकर दोन मिनिटे थांबून ती पुरती वाचेल. बाकीची नावे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येतातच.

सुरुवात या गावापासून करते, कारण मुंबईचा व्यवहार इथेच तडीस गेला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या विवाहाचा करार 23 जून 1661 रोजी झाला. त्याच्या अकराव्या कलमान्वये मुंबईचे बेट आणि बंदर हुंड्यात इंग्रजांकडे आले. प्रत्यक्ष लग्न पुढच्या वर्षी, 21 मे 1662 ला, पोर्ट्समथमध्ये लागले, तेही दोनदा: वधू कॅथलिक असल्यामुळे तिच्या खोलीत गुपचूप एकदा आणि मग प्रॉटेस्टंट पद्धतीने चारचौघांत एकदा. ज्या जुन्या धर्मशाळेच्या आवारात हे कार्य झाले, तिचे चर्च माझ्या रोजच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. 1941 च्या जानेवारीतल्या बॉम्बहल्ल्यात त्याच्या पुढच्या भागाचे छप्पर गेले आणि ते पुन्हा घातलेच नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना दगडी खांबांच्या रांगा, खाली फरशी आणि वर मोकळे आकाश असे त्याचे आजचे रूप आहे. पलीकडे तटाची भिंत आणि लगेच समुद्र. ज्या बेटावर तेव्हा कोळी, भंडारी, आगरी सुखाने नांदत होते, ते इतक्या दूरच्या एका लग्नात देण्याघेण्याच्या वस्तूंत धरले गेले, याची त्या बेटावर कोणाला कितीशी दाद असणार! राजालाही त्याचे मोल कळले असे दिसत नाही, कारण 1668 मध्ये त्याने ते वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. फळ्यावर 23 जूनला हे अवश्य घ्या. 10 पौंडांचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. दादरला घरभाडे भरणारा कोणीही तिथे थबकेल.

आता 6 जून. हा दिवस तुम्ही घेणार हे मला सांगावे लागत नाही. मात्र राज्याभिषेकाची ही तारीख आपल्यापर्यंत कशी आली, हेही त्या दिवशी चार ओळींत यावे. आपल्या लेखी तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. त्या वेळी मुंबईहून कंपनीचा वकील हेन्री ऑक्सिंडन रायगडावर गेला होता. त्याला पाठवणारा जेराल्ड ऑन्जिए हा सुरतेचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर होता. कंपनीकडे मुंबई होती ती वर सांगितलेल्या लग्नामुळे, तेव्हा ही दोन्ही प्रकरणे एकाच धाग्यात येतात. इंग्रज 1752 पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना वापरत होते आणि त्यांचा 6 जून 1674 म्हणजे आज जगभर चालणाऱ्या गणनेने 16 जून होतो. आपण 6 जून धरतो ती त्यांच्या दफ्तरातली तारीख. रायगडावर तारखेने आणि तिथीने असे दोन्ही दिवस साजरे होतात, त्यावरून दरवर्षी वाद घालणाऱ्यांना हा तिसरा आकडा दाखवून आणखी भर घालण्याचा माझा हेतू नाही. एवढेच की 6 जून ही तारीख रूढ झाली आहे, ती ठेवावी, आणि तिच्याखाली तिथी लिहावी. तिथी कधीच संशयात नव्हती.

ऑक्सिंडनने दरबारात जे पाहिले ते टिपून ठेवले आहे, आणि फळ्यासाठी याहून चांगला मजकूर मला सुचत नाही. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाले होते. उजवीकडच्या भाल्यांवर मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची दोन डोकी होती. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका मौल्यवान भाल्याच्या टोकावर सोन्याचा समतोल तराजू, जो न्यायाचे चिन्ह म्हणून ठेवला होता. वाड्याच्या दाराशी दोन्ही अंगांना लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे घोडे उभे होते. इतक्या अवघड वाटेने ही जनावरे गडावर चढवली तरी कशी, याचा त्याला शेवटपर्यंत उलगडा झाला नाही. सगळ्या थाटामाटात त्याला हत्तींचेच कोडे पडावे, हे मला फार आवडले. लहानपणी तुमच्याबरोबर त्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही ते पटेल.

त्याच तारखेला, 6 जून 1944 रोजी, दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या. इथे त्या दिवशी समुद्रकाठच्या स्मारकापाशी मोठी गर्दी होते. मोहिमेचा मुक्काम गावाच्या उत्तरेला साउथविक हाउस नावाच्या वाड्यात होता. खरा बेत 5 जूनचा होता. स्टॅग नावाच्या हवामान अधिकाऱ्याने वादळाचा इशारा दिला म्हणून आयझेनहॉवरने एक दिवस लांबवला, आणि मध्ये थोडी उघडीप मिळणार असे कळताच हुकूम दिला. त्या वाड्यातल्या भिंतीवरचा भलामोठा नकाशा एका खेळणी बनवणाऱ्या कारखान्याने तयार केला होता. गुप्तता राहावी म्हणून कारखान्याला युरोपचा सगळाच किनारा करायला सांगितले, आणि वाड्यात आल्यावर लागेल तेवढा भाग लावून घेतला. नकाशा बसवायला आलेल्या दोघांना मोहीम होईपर्यंत बाहेर सोडले नाही, असे सांगतात. मृग लागला की छत्री घ्यायची की नाही, एवढ्याच प्रश्नासाठी हवामान खात्याकडे पाहणाऱ्या मुंबईकरांना ही हकीकत रुचेल. पण 6 जूनला जागा एकच असेल तर रायगडच घ्या आणि ही 5 तारखेला लिहा. बेत 5 चाच होता, तेव्हा कोणी हरकत घेणार नाही.

8 जूनला शुमान या जर्मन संगीतकाराचा जन्म (1810), परंतु त्या दिवशी मी विमान घेईन. 1948 मध्ये याच तारखेला एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत 10 जूनला पोहोचले. ज्यांची मुले परदेशी आहेत अशी बरीच घरे आपल्या गल्लीत आहेत. 2 जूनला एडवर्ड एल्गारचा जन्म (1857). इथले लोक त्याच्या सुरावटींवर जीव टाकतात. दिल्ली दरबारानंतर, 1912 मध्ये, त्याने लंडनच्या रंगमंचासाठी संगीत दिलेल्या एका खेळात राजधानी कोणी व्हायचे यावरून दिल्ली आणि कलकत्ता भांडतात. मुंबईला त्या भांडणात कोणी विचारले नाही, हे एका अर्थी बरेच झाले. हा दिवस गाळलात तरी चालेल.

12 जून मात्र गाळू नका. पु. ल. आणि सुनीताबाई यांचे लग्न 12 जून 1946 चे, आणि पु. ल. गेले तेही 12 जूनलाच, 2000 साली. त्यांच्याविषयी लिहिताना सगळे विनोदाचे लिहितात. तुम्ही पेटीचे लिहा. भीमसेनांच्या आवाजातल्या 'इंद्रायणी काठी'ची चाल त्यांची आहे, हे नव्या मुलांना ठाऊक नसते. 16 जूनला हेमंतकुमारांचा वाढदिवस येतो (1920, वाराणसी). या बंगाली गायकाने लताबाईंबरोबर 'मी डोलकर' म्हटले. शब्द शांताबाई शेळक्यांचे आणि चाल हृदयनाथांची. वरळी कोळीवाड्यात ज्या गाण्यावर लग्नाची वरात नाचते, त्यातला पुरुषी आवाज मराठी माणसाचा नाही, ही गोष्ट मला मोठी मुंबईची वाटते.

21 जून हा इथला सर्वांत मोठा दिवस. रात्री नऊ वाजून गेले तरी खिडकीत बसून वाचता येते. त्याच दिवशी जागतिक संगीत दिन असतो. तो 1982 मध्ये फ्रान्समध्ये, जॅक लांग हे संस्कृतिमंत्री असताना सुरू झाला, आणि त्यामागची कल्पना अगदी साधी आहे: ज्याला जे वाजवता येते ते त्याने रस्त्यावर येऊन वाजवावे आणि ऐकणाऱ्याकडून पैसे घेऊ नयेत. आपल्याकडे त्या सुमारास पाऊस कोसळत असतो, तेव्हा रस्ता सोडा. पण वाचनालयाच्या सभागृहात हौशी मंडळींना त्या संध्याकाळी पेटी-तबला घेऊन बोलवावे, असे सुचवते.

22 जून 1897 विषयी थोडे जपून पण ठळक लिहावे. प्लेगच्या काळात पुण्यात रँडने केलेल्या जुलमाचा सूड चापेकर बंधूंनी त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर घेतला, आणि रँड तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या मेजवानीतून परतत होता. चारच दिवसांनी, 26 जूनला, त्याच महोत्सवासाठी पोर्ट्समथसमोरच्या पाण्यात दीडशेहून अधिक युद्धनौका रांगा करून उभ्या होत्या. मी दुपारी ज्या बाकावर डबा खाते, त्याच्यासमोरचे हे पाणी. साम्राज्याचा एवढा डामडौल इथे चालला असताना तिकडे पुण्यात घरोघर झडत्या चालल्या असतील, हा विचार तिथे बसल्यावर मनातून जात नाही.

तो 26 जून आपल्या दृष्टीने निराळ्याच कारणाने मोठा. शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा आणि बालगंधर्वांचा 26 जून 1888 चा. लहानग्या नारायण राजहंसाच्या, म्हणजे पुढे बालगंधर्व झालेल्या मुलाच्या, कानाच्या दुखण्यावर उपचार व्हावेत म्हणून महाराजांनीच त्याला मिरजेला पाठवले, आणि तिथेच 1905 मध्ये तो किर्लोस्कर नाटक मंडळीत आला. म्हणजे या दोघांची नावे एकाखाली एक लिहिताना ओढूनताणून संबंध जोडावा लागत नाही. फळ्यावर एका बाजूला महाराजांचा 1902 चा, सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या समाजांसाठी राखण्याचा हुकूम आणि दुसऱ्या बाजूला हा कान, असे काही करता आले तर पाहा.

त्याच्या एक दिवस आधी मदनमोहन आणि एक दिवस नंतर पंचम. मदनमोहन 25 जून 1924 ला बगदादमध्ये जन्मले, हे ऐकून अजून लोक चकित होतात. त्यांनी मागे ठेवलेल्या चाली ते गेल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी, 2004 च्या एका चित्रपटात, वापरल्या गेल्या आणि लोकांनी त्या नव्या म्हणून ऐकल्या. 27 जून 1939 चे राहुलदेव बर्मन. त्यांच्यासाठी 'शोले'तल्या 'मेहबूबा' गाण्याच्या आरंभी ऐकू येणारी ती फुंकर घ्या. बाटलीच्या तोंडावर फुंकून काढलेला तो आवाज आहे. वाचणारा घरी जाऊन रिकामी बाटली शोधेल.

25 जूनबद्दल मात्र तुम्हाला अडचण येईल. त्याच तारखेला 1932 मध्ये सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला उतरला आणि पहिल्याच सकाळी इंग्लंडची अवस्था 3 बाद 19 झाली. 1983 चा विश्वचषकही त्याच मैदानावर, त्याच तारखेचा: आपण 183, वेस्ट इंडीज 140. आपल्या मुंबईच्या बलविंदरसिंग संधूने ग्रीनिजचा त्रिफळा उडवला तो चेंडू तुम्ही अजून हाताने दाखवता. शिवाय 1975 ची आणीबाणी आहे, तीही 25 जूनचीच, आणि ती तर सोडता येतच नाही. माझे म्हणणे, सकाळी आणीबाणी लिहावी आणि संध्याकाळी फळा पुसून लॉर्ड्स. मदनमोहनांना 24 तारखेला आदल्या दिवशी घेतले तर ते रागावणार नाहीत.

दोन कामे तुमच्याकडे. या वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी कोणत्या तारखेला येते ते पंचांगात पाहून त्याप्रमाणे फळ्यावर खूण करून ठेवा. आणि लिहून झाल्यावर खडूची पूड हाताने झटकू नका, ओले फडके वापरा. खोकल्याचे आईने मला निराळे कळवले आहे. फळ्याचे फोटो दर आठवड्याला पाठवायला धाकट्याला सांगा.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. कळावे.

तुमची,
थोरली