‘८ + ८ = १६ जीबी’ ही बेरीज कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर मोबाइलच्या जाहिरातींत ‘१६ जीबी रॅम’ असं ठसठशीत छापलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरांत ‘८ + ८’. बार्शीत माझं संगणक-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. जाहिरात करणारे करून मोकळे होतात, ‘सोळा जीबी असून अडकतो कसा?’ याचं उत्तर मला द्यावं लागतं.

यातले पहिले ८ जीबी म्हणजे खरी रॅम. चालू काम तिच्यात असतं, फोन बंद झाला की ती पुसली जाते. दुसरे ८ जीबी तुमचे फोटो-व्हिडिओ राहतात त्या १२८ जीबी स्टोरेजमधूनच काढलेले. म्हणजे तीच जागा एकदा स्टोरेज म्हणून मोजायची आणि पुन्हा रॅम म्हणून. किराणा दुकानदारानं असं केलं तर वजनमापं खात्याची माणसं दारात उभी राहतील!

स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरायची ही युक्ती मात्र खोटी नाही आणि नवीही नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकात ती १९६२ सालीच होती. विंडोजमध्येही सी ड्राइव्हवर ‘पेजफाइल.सिस’ नावाची लपलेली फाइल असते. रॅम भरत आली की सध्या न लागणारा मजकूर ४ केबीच्या तुकड्यांनी तिकडे जातो, लागला की परत येतो. त्यामुळे काम बंद पडत नाही, पण रखडतं. रॅममधून एखादी गोष्ट मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या आसपास. फरक लाखपट. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली नवी डिस्क, पुष्कळ बरी, तरी हजारपट मागेच.

मागे एक शिक्षक लॅपटॉप घेऊन आले. ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क, निकालपत्रकाची एक्सेल फाइल आणि क्रोममध्ये ढीगभर टॅब उघडे. कुणीतरी ‘मेमरी फुल झाली, फोटो उडवा’ म्हणालं, म्हणून सरांनी मुलीच्या लग्नाचे फोटो उडवले होते. लॅपटॉप होता तसाच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरी ९५ टक्के भरलेली, डिस्क १०० टक्के कामात गुंतलेली. क्रोम बंद केल्यावर डिस्कचा आकडा बघता बघता उतरला. रॅमची आणखी एक पट्टी बसवली आणि काम भागलं. फोटो परत काढले, पण सगळे आले नाहीत. फोटो डिस्कवर असतात, ते उडवून रॅम मोकळी होत नाही, एवढं त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं.

दुसरं खूळ व्हिडिओ बघून पेजफाइल बंद करण्याचं. जागा वाचते खरी, पण रॅम संपली की प्रोग्राम मधेच बंद होतो आणि सेव्ह न केलेलं टायपिंग जातं. ते सेटिंग विंडोजवर सोडावं.

या जाहिराती आपल्याही अंकात येतात, म्हणून विनंती आपल्यालाही आहे: खऱ्या रॅमचा आकडा त्याच मोठ्या टायपात छापायला सांगा. आणि गिऱ्हाइकांनी बिलावर ‘रॅम ८ जीबी’ असंच लिहून घ्यावं. दुकानदार कुरकुरला, तर बॉक्सवरची बारीक अक्षरं त्यालाच मोठ्यानं वाचायला लावावीत.

आपला,
एक दुरुस्तीवाला, बार्शी (जि. सोलापूर)