१४ खालच्यांना राज्य स्पर्धा कशाला?

संपादक साहेब,

शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि तिन्हींना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी एकच शिडी. माझं म्हणणं, १४ खालच्यांची शिडी विभागावरच थांबवा, निदान सांघिक खेळांत तरी. बाद पद्धतीत १६ शाळा आल्या की पहिल्याच फेरीत ८ घरी, सहावी-सातवीतले पोट्टे एवढी प्रॅक्टिस करून एक मॅच खेळतात आणि वर्ष संपलं, त्यात सरही उंच-धिप्पाड पोरंच घेतात कारण या वयात ज्याची वाढ लवकर झाली तो जिंकून देतो, बारकी पोरं बेंचवर बसून बसून खेळच सोडतात आणि त्यातलीच काही पुढे चमकली असती, याचं फार वाईट वाटतं.

कोणी म्हणेल, २०२५ चा बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणारी आपली दिव्या देशमुख लहानपणापासून मोठ्या स्पर्धा खेळत आली. खरंय, अभिमानच आहे, पण बुद्धिबळात उंची लागत नाही आणि मुलांच्या स्पर्धा बहुतेक स्विस पद्धतीच्या, हरलं तरी पुढची फेरी मिळते. कबड्डी-खोखोच्या पोरांना हेच द्या ना! राज्य स्पर्धेचा प्रवास-मुक्कामाचा खर्च वाचवून नागपुरात मानकापूरच्या क्रीडा संकुलात, आणि जिल्ह्यात काटोल, उमरेड, रामटेकलाही, शनिवार-रविवार साखळी सामने घ्या, प्रत्येक शाळेला ५-६ मॅच तरी मिळू द्या. राज्याच्या पदकासाठी १७ चा गट आहेच.

- एक पालक, नागपूर