आधी विचारा, मग उचला : न्यू ऑर्लिन्सच्या काकांना एक अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली नेणाऱ्या कॅटरिना चक्रीवादळाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आमच्या महाविद्यालयातील सर्वधर्मीय विद्यार्थी मंडळाचे जुने सदस्य पुन्हा एकमेकांशी बोलू लागले आणि त्या बोलण्यात आपला उल्लेख आल्यावाचून राहिला नाही. समोर कोणी आभार मानू लागले की आपण विषय बदलून हातमोज्यांच्या किती जोड्या शिल्लक आहेत ते विचारत असा. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. निदान हे तरी आपल्याला मधेच तोडता येणार नाही.

मार्च २००६ च्या वसंताच्या सुट्टीत आम्ही न्यू ऑर्लिन्सला आलो, तेव्हा आमच्याकडे श्रद्धा भरपूर होती, उत्साह त्याहून अधिक होता आणि घरबांधणीचे ज्ञान जवळजवळ नव्हते. आमच्यात ख्रिस्ती, ज्यू, मुसलमान आणि हिंदू असे सर्वच होते. एका चर्चच्या सभागृहात घडीच्या खाटांवर झोपण्याची सोय झाली होती. जवळच्या बॅटन रूज शहराहून स्वतःची गाडी चालवत, हत्यारे आणि मास्क भरून, आपण आमच्या मदतीला आलात. अभियंता म्हणून आपण दिलेला वेळ त्या शहरात तेव्हा दामदुप्पट किमतीला विकला गेला असता, हे आम्हाला फार उशिरा समजले.

पहिल्या संध्याकाळी आपण खडूने फळ्यावर काढलेली आकृती आजही आमच्यातील कित्येकांना जशीच्या तशी आठवते. २९ ऑगस्ट २००५ रोजी वादळ किनाऱ्याला लागले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. पण सतराव्या स्ट्रीटच्या आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या संरक्षक भिंती पाणी त्यांच्या माथ्यावर चढण्याच्या आधीच ढासळल्या, कारण दोष खालच्या मातीत आणि भिंतींच्या आराखड्यात होता, हे आपण शांतपणे समजावून सांगितलेत. जून २००६ मध्ये या भिंती बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने स्वतःच्याच अहवालात या संरक्षणव्यवस्थेतील उणिवा मान्य केल्या, तेव्हा आम्हाला आपल्या त्या फळ्याची आठवण झाली. आकृती पुसून आपण म्हणालात, "उद्या ज्यांच्या घरात जाल, त्यांच्यासमोर ही देवाची इच्छा होती असे कोणीही म्हणायचे नाही. ही भिंत माणसांनी बांधली होती." श्रद्धेपोटी एवढ्या लांबून आलेल्या मुलांना हे ऐकवणे सोपे नव्हते. मला मात्र वाटते की आमची श्रद्धा त्या वाक्याने अधिक प्रामाणिक झाली, कारण दुसऱ्याच्या दुःखाला परस्पर अर्थ लावून मोकळे होण्याची सवलत त्याने काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी जेंटिली भागातील घरात शिरण्याआधी आपण आम्हाला अंगणात उभे केलेत. दारावर बचाव पथकाने रंगाने काढलेली फुली होती : वरच्या कोनात तपासणीची तारीख, डावीकडे पथकाची खूण, उजवीकडे आतील धोके आणि खाली आत सापडलेल्या माणसांची संख्या. आपण ती फुली आम्हाला वाचायला शिकवलीत, खालच्या कोनातील आकडा मोठ्याने वाचू नका असे बजावलेत आणि मगच मास्क वाटलेत. भिंतींवर पाणी जिथवर साचून राहिले होते तिथे तपकिरी रेघ उमटली होती, आणि तिच्या खाली-वर सगळीकडे बुरशी होती. शहरातील पाणी पूर्णपणे उपसून काढायला ऑक्टोबर उजाडला होता. त्यानंतर बहुतेक घरे महिनोन्महिने बंदच होती.

या कामाला तिथे सगळे 'गटिंग' म्हणत, म्हणजे घर आतून लाकडी सांगाड्यापर्यंत मोकळे करणे. बाहेरून ते निव्वळ तोडफोडीचे काम दिसते, आणि विशीतल्या मुलांच्या हाती पहार आली की ते तसेच होण्याचा धोकाही असतो. आपण त्याला शिस्त लावलीत. आधी वीज आणि गॅस बंद असल्याची खात्री करायची. टेप लावलेला फ्रिज कोणत्याही कारणाने उघडायचा नाही, तो तसाच बाहेर न्यायचा. ड्रायवॉल, म्हणजे भिंतीचे जिप्समचे तक्ते, खालून वर सोडवत आणायची आणि मागच्या तारा न तोडता मोकळ्या ठेवायच्या. भिंतीतील उष्णतारोधक थर, म्हणजे ओले इन्सुलेशन, पिशवीत भरूनच उचलायचे. उभ्या लाकडांतील एकेक खिळा काढायचा. रस्त्याच्या कडेला बांधकामाचा कचरा, घरगुती यंत्रे आणि रसायने यांचे ढीग वेगवेगळे लावायचे. ब्लीचमध्ये अमोनिया असलेला क्लीनर मिसळला तर विषारी वायू तयार होतो, हे तर आपण रोज सकाळी नव्याने सांगत असा. लाकडावर ब्लीच फवारले की काम झाले, या समजुतीचा आपल्याला विशेष राग होता. बुरशी घासूनच काढावी लागते, लाकूड वाळू द्यावे लागते आणि ओलाव्याचा आकडा साधारण १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय नवी भिंत लावली तर आत पुन्हा तेच वाढते, हे आपण मीटर लावून दाखवलेत. ते मीटर हातात घेण्यासाठी आमच्यात भांडणे होत.

परंतु आमचे खरे ऋण आहे ते आपल्या टेबलाचे. सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर एक जुने दार आडवे टाकून आपण अंगणात ते टेबल मांडलेत, शेजारी घरमालकीण आजींसाठी खुर्ची ठेवलीत, आणि घरातून निघालेली, हातात धरता येण्याजोगी प्रत्येक वस्तू आधी त्या टेबलावर जाईल असा नियम केलात. आम्हाला जो कचरा दिसत होता त्यात त्या आजींना काय दिसेल हे आम्हाला कळणे शक्यच नव्हते. गंजलेली कात्री त्यांनी ठेवून घेतली. चांगल्या स्थितीतील चिनी मातीच्या बशा मात्र त्यांनी एकदाही न पाहता ढिगाकडे पाठवल्या. उंच फळीवर राहून गेलेल्या पेटीतील छायाचित्रे एकमेकांना चिकटली होती. ती ओढून वेगळी करण्याऐवजी स्वच्छ गार पाण्यात हळूहळू सुटू देणे आणि मग सावलीत पसरून वाळवणे आपण शिकवलेत, तेव्हा आमची निम्मी तुकडी पहारी खाली ठेवून त्या परातीभोवती बसली. त्या दिवशी आमचा वेग इतर तुकड्यांपेक्षा खूप कमी होता, आणि संध्याकाळी चर्चच्या सभागृहात घरांच्या संख्येवरून चाललेल्या बोलण्यात आमच्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. आपण मात्र रोजच्या बैठकीत एकच प्रश्न विचारत असा : "आज घरमालकाने काय ठरवले?" आम्ही काय केले, हे आपण कधी विचारले नाहीत.

प्रार्थनेविषयीचा आपला नियमही असाच होता. घरात आपण होऊन कोणी प्रार्थना सुरू करायची नाही; घरच्या माणसांनी म्हटले, तर त्यांच्या पद्धतीने होईल आणि आपण शांत उभे राहायचे. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांच्यासाठी १९९४ मध्ये तयार झालेल्या आचारसंहितेतही मदतीचा वापर विशिष्ट राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी होऊ नये असे तत्त्व आहे, ही माहिती आपणच दिलीत. आमच्यातील काहींना तो नियम जाचक वाटला आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. तेव्हा आपण गाडगेबाबांविषयी सांगितलेत, आणि अमेरिकेत वाढलेल्या त्या मुलांनी हे नाव प्रथमच ऐकले : गावात आल्यावर बाबा आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन रात्री होई. मी मराठी असूनही त्या क्रमाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. त्या आजींनी शेवटी स्वतःच आम्हाला दारात गोल करून उभे केले आणि त्यांच्या चर्चमधील प्रार्थना म्हटली. आपण टोपी काढून सर्वांत मागे उभे होतात.

पडकी घरे दाखवणाऱ्या पर्यटकांच्या बसफेऱ्या त्या वर्षीच्या जानेवारीतच सुरू झाल्या होत्या. अशी बस गल्लीतून जाताना आपण काम थांबवायला सांगून तिच्याकडे पाठ करून उभे राहायला लावत असा. आमच्या कॅमेऱ्यांनाही घराच्या आत बंदी होती. त्यामुळे त्या प्रवासाचे आमच्याजवळ फारसे फोटो नाहीत, आणि त्याची खंत आमच्यापैकी कोणालाही नाही.

आम्ही परतल्यावरही आपले काम थांबले नव्हते, याचा उल्लेख केल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. २९ ऑगस्ट २००६ पर्यंत मालकांनी आपापली घरे साफ करून सुरक्षित करावीत, असे शहराच्या परिषदेने त्या वसंतात ठरवले. ह्यूस्टनमध्ये किंवा अटलांटामध्ये नातेवाइकांकडे राहणाऱ्या वृद्ध मालकांना ही मुदत पाळणे किती अवघड होते, हे सांगायला नकोच. आपण अशा मालकांची यादी हाताने लिहून ठेवलीत, एकेकाला दूरध्वनी केलात आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या तुकडीला त्यातील घरे नेमून दिलीत. आमच्यानंतर आलेल्या महाविद्यालयांच्या मुलांनाही तेच टेबल, तीच खुर्ची आणि तोच प्रश्न मिळाला, हे त्यांच्याकडून ऐकले तेव्हा आम्हाला थोडा मत्सरही वाटला.

आता एक विनंती. आमच्या मंडळातील आजचे विद्यार्थी पूरग्रस्त भागांत जात असतात, आणि त्यांच्यासाठी आम्ही आपल्या सूचना एका पानावर उतरवल्या आहेत. पहिली ओळ 'आधी विचारा, मग उचला' अशी आहे, त्याखाली वीज, गॅस, मास्क, धनुर्वाताची लस आणि ब्लीचसंबंधीचे इशारे आहेत, आणि तळाशी संध्याकाळच्या बैठकीचा आपला प्रश्न आहे. ते पान आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. ओलाव्याच्या मोजणीचा परिच्छेद विशेष काळजीने तपासावा. तो लिहिताना आमच्यात अजूनही एकमत झालेले नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मार्च २००६ च्या तुकडीतील एक विद्यार्थिनी