करारावर सही कोण करणार? कर्नाटकच्या उच्च शिक्षण मंत्र्यांना बेळगावहून खुले पत्र

मा. उच्च शिक्षण मंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सविनय नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझा ओतकामाचा छोटा कारखाना, म्हणजे फौंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हला लागणारी बिडाची कास्टिंग्ज आम्ही करतो. विद्यापीठीय संशोधनाशी माझा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा आहे आणि त्याच नात्याने हे पत्र लिहीत आहे. संशोधकांनी नवे शोध लावावेत आणि त्यांतून उद्योग उभे राहावेत, असे प्रत्येक सरकार म्हणते. पण असा एखादा शोध पैसे मोजून घ्यायला तयार असलेला माणूस महाविद्यालयाच्या दारात उभा राहिला, तर त्याच्याशी करार कोणी करायचा, याचे उत्तर आमच्या भागात मला अजून मिळालेले नाही.

नेमके काय घडते, ते सांगतो. साच्यासाठी आम्ही वापरतो ती वाळू बेंटोनाइट माती आणि पाणी घालून मळलेली असते आणि तिच्यातला ओलावा साधारण तीन-चार टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो. पाणी वाढले की वितळलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ होऊन कास्टिंगला भोके पडतात. कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळतात. आमचे जुने मोल्डर, म्हणजे साचे घडवणारे कारागीर, वाळू मुठीत दाबतात, बोटांचे ठसे नीट उमटले का ते पाहतात, मग तो गोळा मधोमध मोडून कड कशी तुटते यावरून निर्णय देतात. हे मोल्डर आता निवृत्तीच्या वयाला आले आहेत आणि तो हात नव्या पोरांकडे नाही. या भागातल्या एका महाविद्यालयातील संशोधक विद्यार्थ्याने मिक्सरलाच बसवता येईल असे एक उपकरण तयार केले, जे वाळू मळली जात असतानाच ओलावा दाखवते. आम्ही ते आमच्याकडे लावून पाहिले. पावसाळ्यात, जेव्हा उघड्यावरची वाळू आम्हाला सर्वांत जास्त दगा देते, तेव्हाही रिजेक्शन, म्हणजे सदोष निघून बाद होणारा माल, डोळ्यांना दिसेल इतके उतरले. रॉयल्टी देऊन ते घ्यायची माझी तयारी होती आणि शेजारच्या दोघा फौंड्रीवाल्यांनीही विचारणा केली होती.

पेटंटच्या अर्जावर मात्र विद्यार्थी, मार्गदर्शक, प्राचार्य, आणखी दोन प्राध्यापक आणि खुद्द संस्था, अशी सगळ्यांची नावे अर्जदार म्हणून होती. पेटंट कायदा 1970 च्या कलम 50 प्रमाणे सहमालकांपैकी प्रत्येकाला ते पेटंट स्वतःपुरते वापरता येते, पण दुसऱ्याला परवाना द्यायचा असेल तर, वेगळा करार नसल्यास, इतर सर्वांची संमती लागते. विद्यार्थी नोकरीला पुण्याला गेला, एका प्राध्यापकांनी महाविद्यालय बदलले, संस्थेने विषय व्यवस्थापन मंडळापुढे ठेवला आणि मंडळाने कायदेशीर सल्ला मागवला. उपकरण आज प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. यात कोणाचीही नियत वाईट नव्हती. अर्ज करताना तो शोध पुढे कोणी विकत घेईल अशी कल्पनाच कोणाच्या मनात नव्हती, एवढेच.

ती कल्पना मनात नसते, कारण आपली सगळी मोजणी अर्जापाशी थांबते. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत आंतरराष्ट्रीय पेटंटला 10 आणि राष्ट्रीय पेटंटला 7 गुण आहेत, शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतही पेटंटची संख्या धरली जाते. पण ते पेटंट पुढे कोणी वापरले का, हे त्या गुणांच्या कोष्टकात विचारलेले नाही. अर्जावर नावांची गर्दी होते ती याच गुणांपायी. पेटंट नियमांच्या 2021 च्या दुरुस्तीने शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सवलत मिळाली असून ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपयांवर आले आहे. ही सवलत चांगलीच आहे. पण पेटंट 20 वर्षे टिकवायचे तर तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते आणि गुण पदरात पडल्यावर ते भरण्यात कोणाला रस उरतो?

ज्या विद्यापीठांनी हे काम मनावर घेतले, त्यांनी सुरुवात मालकीपासून केली. अमेरिकेत सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवू देणारा बे-डोल कायदा 1980 साली झाला, पण स्टॅनफर्डने परवाने देण्यासाठी स्वतंत्र कार्यालय त्याआधीच, 1970 साली, उघडले होते. तिथला हिशेब साधा आहे: आलेल्या रॉयल्टीतून 15 टक्के कार्यालयाच्या खर्चाला आणि उरलेल्या रकमेचे तीन समान वाटे, एक संशोधकाचा, एक त्याच्या विभागाचा, एक विद्याशाखेचा. गुगलच्या मुळाशी असलेले पेटंटही याच कार्यालयाने शेअरच्या बदल्यात दिले होते आणि 2005 पर्यंत ते शेअर विकून विद्यापीठाला सुमारे 33.6 कोटी डॉलर मिळाले. एवढे मोठे घबाड क्वचितच हाती लागते. त्यासाठी कोणी असे कार्यालय काढू नये. शिकण्यासारखे आहे ते हे की, संशोधकाला आपला वाटा आधीपासून ठाऊक असतो आणि गिऱ्हाइकाला एकच दार ठोठवावे लागते. आपल्याकडे असा कायदा करण्यासाठी 2008 साली राज्यसभेत विधेयक मांडले गेले होते, ते तडीस गेले नाही. म्हणून हे काम आता ज्या त्या विद्यापीठाच्या आणि राज्याच्या नियमांनीच व्हायचे आहे.

दुसरी अडचण स्टार्टअपच्या आग्रहाची आहे. केंद्राच्या 2019 च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणाने प्राध्यापकाला स्वतःच्या कंपनीसाठी सत्र किंवा वर्षभर रजा घेण्याची वाट मोकळी केली आणि इन्क्युबेशनच्या, म्हणजे नव्या कंपनीला जागा आणि सोयी देण्याच्या, मदतीच्या बदल्यात संस्थेने 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यावा असे सुचवले. आपल्या राज्याची एलिव्हेट योजना निवडक स्टार्टअपना 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान देते, आणि बेंगळुरूबाहेरच्या विकासाच्या आराखड्यात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक पट्टा धरला आहे. हे सारे स्वागतार्ह आहे, पण बेळगावात कारखाने आधीच उभे आहेत. उद्यमबाग, मच्छे, नावगे आणि होनगा इथे फौंड्री, हायड्रॉलिक्स आणि मशीन शॉपची दाटी आहे. वाळूचा ओलावा मोजणाऱ्या पोराने कंपनी काढायची, भांडवल मिळवायचे, विक्रीची माणसे नेमायची, आणि मग चार किलोमीटरवरच्या फौंड्रीत यायचे, हा वळसा कशासाठी? त्याला चालू कारखान्याला परवाना देता आला तर त्याचे आणि आमचे दोघांचेही भागते. इथला मुख्य रस्ता परवान्याचा असावा आणि स्टार्टअप ज्याला खरोखर काढायचे आहे त्याने काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यासाठी आपल्याकडे मागणे एकच आहे: बेळगावात सर्वांसाठी मिळून एक तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालय, म्हणजे संशोधकांचे शोध परवान्याने कारखान्यांपर्यंत पोचवणारे कार्यालय, असावे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय 1998 पासून इथे आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 पासून आहे. शिवाय वैद्यकीय महाविद्यालये, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक औषधींवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आणि निजलिंगप्पा साखर संस्था याच शहरात आहेत. प्रत्येकाने वेगळा कक्ष काढला की त्याचे काम आठवड्याला सोळा तास शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडते आणि वर्षभरात माणूस बदलतो. त्यापेक्षा एकाच ठिकाणी एक नोंदणीकृत पेटंट एजंट, करार जाणणारा एक वकील आणि कारखान्यांतून हिंडणारा एक इंजिनिअर पूर्ण वेळ बसवावेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात 2007 पासून चालणारे व्हेंचर सेंटर आपल्या अधिकाऱ्यांनी एकदा पाहून यावे. बेळगावहून ते काही लांब नाही.

या कार्यालयाला अर्थ येण्यासाठी संलग्न महाविद्यालयांना लागू होईल असा मालकीचा एकच नियम हवा: अर्जदार संस्था, शोधक म्हणून नाव फक्त ज्याने शोध लावला त्याचे, त्याचा वाटा लेखी ठरलेला, आणि परवान्यावर सही करण्याचा अधिकार कार्यालयाच्या प्रमुखाला. अर्ज करण्याआधी प्रकल्प प्रदर्शनात मांडू नये, हेही मुलांना पहिल्याच वर्षी सांगायला हवे. आधी मांडून नंतर अर्ज करू देणारी कायद्यातली बारा महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारख्या मोजक्या प्रसंगांपुरती आहे. महाविद्यालयाच्या हॉलमध्ये टेबलावर ठेवलेल्या मॉडेलला ती मिळत नाही, आणि पेटंटसाठी लागणारे नावीन्य तिथेच संपू शकते.

सीमेचा मुद्दा मी टाळत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रींची वाळूची अडचण आमच्यासारखीच आहे, आणि भारतीय पेटंट सीमेवरच्या कागलच्या अलीकडे जितके चालते तितकेच पलीकडेही चालते. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन 2019 मध्ये मिळाले तेव्हा दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी ते मिळून घेतले होते आणि त्यात बेळगावसह कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. तेव्हा कोल्हापूरच्या कारखानदारांना परवाना द्यायला या कार्यालयाला मोकळीक असावी, आणि कराराचा नमुना कन्नड व इंग्रजीसोबत मराठीतही मिळावा. इथले निम्मेअधिक फौंड्रीवाले हिशेबाची वही मराठीतच लिहितात.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण सुवर्ण विधानसौधात याल, तेव्हा उद्यमबागेसाठी एक सकाळ राखून ठेवावी, ही विनंती. दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंना सोबत आणल्यास बरे होईल. या पत्राच्या प्रती त्यांना आणि जिल्हा उद्योग केंद्राला पाठवत आहे.

आपला,
उद्यमबागेतील एक फौंड्री चालक
बेळगाव