कयाकच्या डेकला कमान द्या

महोदय,

प्लायवूडची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घरी बांधणाऱ्याला तिच्या डेकसाठी, म्हणजे वरच्या झाकणासाठी, नागपूरच्या लकडगंजातल्या लाकूडबाजारात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘वरून सहा मिलिमीटरचा प्लाय मारा, हालणार नाही.’ हा जाड प्लाय नीट वाकत नाही, त्यामुळे डेक सपाट राहतो, चौरस मीटरमागे किलोभर वजन वाढते आणि तेही वरच्या अंगाला, म्हणजे कयाक डुलणार. डेकला कमान दिली की आयएस 710 या भारतीय मानकाच्या शिक्क्याचा चार मिलिमीटरचा मरीन प्लाय पुरतो. वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवल्या की तो आडवा सहज वाकतो. साठ सेंटिमीटर रुंदीला पुढे पाच-सहा सेंटिमीटर उंचवटा द्यावा, मागे दोन-तीन.

खरा ताण बैठकीच्या लगेच मागे येतो. आत शिरताना माणूस तिथेच टेकतो आणि तिथेच कमान सर्वांत कमी असते. तिथे आडवी तुळई हवी. ती एका फळीतून वाकडी कापली की टोकाशी रेषा तुटतात आणि तिथूनच चीर जाते. सहा मिलिमीटरच्या तीन पट्ट्या साच्यावर वाकवून इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिनने, चिकटवाव्यात. साचा सोडला की त्या थोड्या उलगडतात, म्हणून साच्याला बाक जास्त ठेवावा. या भागाला प्लायखालून 200 जीएसएमचे (चौरस मीटरला 200 ग्रॅम) काचकापडही लावावे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या सागाचा मोह होतो, पण तो जड आणि तेलकट. वापरायचाच तर चिकटवण्याच्या तोंडावर अ‍ॅसिटोनने पुसावा. पाइन बरा.

काठाला आतून लावलेल्या पट्टीचा माथा डेकच्या उताराप्रमाणे रंधून घ्या. हे टाळले तर प्लाय नुसता कडेवर टेकतो आणि सांधा पुढे उकलतो. डेक बसवण्याआधी खालच्या बाजूला इपॉक्सीचे दोन हात द्या, नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. सांध्यासाठी इपॉक्सीत बारीक भुसा घालून ती श्रीखंडाइतकी घट्ट करावी. पट्टे वीतभर अंतरावर आवळून रात्रभर ठेवावेत. फायबरवाल्याकडचे स्वस्त पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. हार्डनर वजन करून डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. जास्त घातल्याने इपॉक्सी लवकर वाळत नाही, कच्ची राहते.

नागपूरच्या मे महिन्यात खोल मगमध्ये कालवलेली इपॉक्सी बघता बघता तापून धुरकटते. शंभर-शंभर ग्रॅम कालवून पसरट ताटलीत ओतावी. हात संध्याकाळी, पारा उतरू लागल्यावर द्यावा. सकाळी दिला तर लाकडातली हवा तापून फुगते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने धुवावा, मगच पॉलिश पेपर मारावा. नाहीतर रंग सुटतो.

रंग पांढरा किंवा फिका. घरच्या हवेत वाळलेली इपॉक्सी साधारण 50-60 अंशांना मऊ पडू लागते आणि अंबाझरी तलावाच्या काठावर भर उन्हात काळा डेक तेवढा तापायला वेळ लागत नाही. नुसते पारदर्शक ठेवायचे असेल तर ऊन अडवणारे यूव्ही व्हार्निश हवेच.

पुढची-मागची सामानाची कोठी पूर्ण बंद केली तर उन्हात आतली हवा फुगून सांधा उघडते. कोठी वेगळी करणाऱ्या आडभिंतीत वरच्या बाजूला दोन मिलिमीटरचे भोक पाडा आणि कयाक गच्चीवर ठेवताना झाकणे उघडी असू द्या.

— एक वाचक, नागपूर